करार तोच, पण हुकूम कोणी द्यायचा?

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना फुजी दाखवण्याचं काम नवऱ्याचं आणि योकोसुका दाखवण्याचं माझं. केइक्यूच्या लाल गाडीने शिओइरीला उतरायचं आणि बंदरात फिरवून आणणाऱ्या बोटीची तिकिटं काढायची. एकीकडे अमेरिकेच्या सातव्या आरमाराची जहाजं दिसतात, दुसरीकडे जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाची. जपानच्या पाणबुड्या तर अमेरिकी तळाच्या आतच धक्क्याला लागलेल्या असतात. पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: "ज्यांनी अणुबॉम्ब टाकले, त्यांचंच आरमार यांनी घरात कसं काय ठेवून घेतलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात ८ सप्टेंबर १९५१ ला होते. सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी पंतप्रधान योशिदा शिगेरू यांनी अमेरिकेशी सुरक्षा करारही केला. त्यात अमेरिकेला तळ मिळाले, पण जपानवर हल्ला झाला तर अमेरिका धावून येईलच, असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ती उणीव पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी १९६० च्या नव्या करारात भरून काढली. पाचवं कलम म्हणतं, जपानच्या प्रशासनाखालच्या प्रदेशावर हल्ला झाला तर दोघांनी मिळून तोंड द्यायचं. सहावं म्हणतं, त्यासाठी जपानने जमीन द्यायची. या करारावरून तोक्योचे रस्ते पेटले. १५ जून १९६० ला संसदेच्या आवारातल्या झटापटीत कानबा मिचिको ही विद्यार्थिनी मेली, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला, किशींना खुर्ची सोडावी लागली. करार मात्र राहिला. कोणत्याही बाजूने एक वर्षाची नोटीस दिली की तो संपवता येतो. १९७० पासून ही सोय आहे, पण आजवर कोणी ती वापरलेली नाही.

मला या कराराचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. १९६० नंतर त्याचा मजकूर बदललेलाच नाही. जग बदललं की हे दोघे मजकुराला हात न लावता त्याचा अर्थ वाढवतात. सायबर हल्लाही पाचव्या कलमात बसू शकतो, असं २०१९ मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये अंतराळाचा नंबर लागला. इकडे राज्यघटनेचं नववं कलम, तेच ते युद्धाचा त्याग करणारं, तेही १९४७ पासून जसंच्या तसं आहे. आबे सरकारने २०१४ मध्ये त्याचा अर्थ नव्याने लावला आणि पुढच्या वर्षी कायदे केले: जपानचं अस्तित्वच धोक्यात येत असेल, तर मित्रदेशावरच्या हल्ल्यातही जपानी दलांना शस्त्र उचलता येईल. संसदेबाहेर तेव्हाही गर्दी झाली होती. छत्र्या, ढोल, घोषणा, आणि शेवटची गाडी पकडायला शिस्तीत पांगणारे आंदोलक. आमच्याकडच्या मोर्चांची सवय असलेल्या माणसाला ते फारच सोज्वळ वाटतं.

डिसेंबर २०२२ मध्ये तर एका झटक्यात बरंच काही झालं. पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर, २०२७ पर्यंत खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवर, आणि शत्रूच्या भूमीवर उलटा मारा करण्याची क्षमता. १९७६ मध्ये ज्या देशाने स्वतःला एक टक्क्याची मर्यादा घालून घेतली होती, त्याच देशाने हे ठरवलं. इतकी वर्षं वाटणी अशी होती की जपान ढाल आणि अमेरिका भाला. आता ढालवाल्याने ४०० टॉमाहॉक क्षेपणास्त्रं मागवली आहेत. कारण कोणापासून लपलेलं नाही. योनागुनी हे जपानचं टोकाचं बेट तैवानपासून साधारण ११० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुणे ते माळशेज घाटाएवढंही अंतर धड नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनने डागलेली पाच क्षेपणास्त्रं जपानच्या सागरी आर्थिक क्षेत्रात पडली.

बातम्या क्षेपणास्त्रांच्या होतात. मला विचाराल तर खरी घडामोड मार्च २०२५ मध्ये तोक्योतल्या इचिगायाला झाली. साधारण २४० जणांचं एक नवं कार्यालय तिथे उघडलं: संयुक्त कारवाई मुख्यालय. तोवर भूदल, नौदल आणि हवाई दलाला एकत्र हाकणारा कायमचा सेनापतीच जपानकडे नव्हता. २०११ च्या त्सुनामीत संयुक्त प्रमुखालाच एकीकडे पंतप्रधानांना सल्ला द्यावा लागला, दुसरीकडे फौजा हलवाव्या लागल्या आणि मध्येच अमेरिकनांशी ताळमेळही ठेवावा लागला. माणूस एक, टेबलं तीन. तेव्हाचा धडा अमलात यायला चौदा वर्षं लागली. जपानी कार्यालयांशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना यात काही विशेष वाटणार नाही.

अमेरिकेची बाजूही अर्धवटच आहे. दक्षिण कोरियात अमेरिका आणि कोरियाची संयुक्त कमान आहे. नाटोची तर आहेच. जपानमध्ये नाही. तोक्योजवळ योकोताला अमेरिकी मुख्यालय आहे, पण त्याचं काम बहुतांशी तळ सांभाळायचं. लढाईचे हुकूम हवाई बेटांवरून येणार. हवाई तोक्योच्या एकोणीस तास मागे! योकोताला खरं युद्धमुख्यालय करू, असं अमेरिकेने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं आणि काम सुरूही झालंय. पण दोघांचे हुकूम वेगळेच राहणार, असं दोन्ही सरकारं निक्षून सांगतात. यावर इथले टीकाकार विचारतात, उपग्रह त्यांचे, माहिती त्यांची, मग आपला सेनापती वेगळा निर्णय घेणार तो कशाच्या जोरावर? मला यात दम वाटतो. समोरून क्षेपणास्त्र निघाल्यावर हाताशी मिनिटं असतात. त्या मिनिटांत तोक्यो 'नाही' म्हणू शकेल का, याचं उत्तर कराराच्या कुठल्याच कलमात नाही.

आणि हुकूम दिला तरी तो पाळायला माणसं? माझा मुलगा बारावीत होता, तेव्हा त्याच्या वर्गमित्रांच्या घरी स्वसंरक्षण दलाची भरतीची पत्रं यायची. अठरा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं आणि पत्ते बऱ्याच नगरपालिका दलाला पुरवतात. आमच्या पोराला पत्र आलं नाही, कारण पासपोर्ट भारताचा. जरा हिरमुसलाच तो. मित्रांना मात्र त्या पत्राचं काहीच नव्हतं. ते थेट रद्दीत. २०२३ च्या आर्थिक वर्षात भरतीचं उद्दिष्ट निम्म्याच्या आसपासच गाठलं गेलं. वयाची मर्यादा २६ वरून ३२ वर नेऊन झाली, पगारही वाढवताहेत. पण २०२४ मध्ये या देशात जन्मलेली जपानी मुलं सात लाखांहूनही कमी. म्हणून मोगामी वर्गाच्या नव्या फ्रिगेट युद्धनौका साधारण ९० जणांत चालतील अशा बांधल्या आहेत. युक्ती चांगली आहे, पण जहाजावर आग लागली की ती विझवायलाही तेवढेच हात.

दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. देशाच्या ०.६ टक्के भूभागावर अमेरिकी दलांसाठीच राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन. १९९५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी एका शाळकरी मुलीवर बलात्कार केला. उठलेला संताप शांत करायला पुढच्या वर्षी वचन दिलं गेलं की गिनोवान शहराच्या मधोमध असलेला फुतेन्मा तळ परत करू. तळ अजून तिथेच आहे. त्याला पर्याय म्हणून ओकिनावातच हेनोकोला समुद्रात भराव घालताहेत, आणि तिथला समुद्रतळ लोण्यासारखा मऊ निघाला. २०१९ च्या सार्वमतात ७२ टक्क्यांनी विरोध नोंदवला. भराव थांबला नाही. आता चीनच्या भीतीने योनागुनी, मियाको, इशिगाकी या बेटांवर जपानची स्वतःची ठाणी आली आहेत. युद्धाची चिन्हं दिसली तर त्या भागातल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना विमानाने आणि बोटीने क्युशूकडे हलवायची योजनाही तयार आहे. तोक्योत बसून "युती मजबूत" म्हणायला काय जातं!

भारताचं काय, हे पाहुणे विचारतातच. एकमेकांना वाचवण्याचा करारबिरार काही नाही, पण सराव चालतात. २०२२ मध्ये जपानी पायदळ बेळगावात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर सराव करून गेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मलबार सरावासाठी आपल्या 'शिवालिक' आणि 'कामोर्ता' या युद्धनौका योकोसुकाकडे आल्या होत्या. अमेरिकेचा भरवसा डळमळला तर हाताशी आणखी मित्र असावेत, हा जपानचा हिशेब त्यात दिसतो.

भरवशाचं म्हणाल, तर मार्च २०२५ मध्ये ट्रम्प बोललेच: आम्ही जपानला वाचवायचं, पण जपानवर तसं बंधन नाही, हा कसला सौदा? सहाव्या कलमातली जमीन ते हिशेबात धरत नाहीत. अमेरिकी तळांच्या खर्चातला जपानचा वाटा ठरवणारा सध्याचा समझोता पाच वर्षांसाठी सुमारे एक लाख पाच हजार कोटी येनचा आहे आणि तो मार्च २०२७ मध्ये संपतो. पुढच्या समझोत्यात आकडा फुगणार, हे इथे सगळे धरूनच चालले आहेत. मी आकड्यापेक्षा त्यात फुतेन्माची तारीख येते का, तेवढं बघणार आहे.