क्वेरी पॅनेल अपडेट: उणे मिलिसेकंदांचा छडा लागला

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, म्हणजे क्वेरीचा, वेळ कुठं जातो ते दाखवणारं एक पॅनेल करायलोय. त्यात मागच्या वेळी ते उणे आकडे दाखवले होते ना, क्वेरी पाठवायच्या आधीच वर्करमध्ये (पानाच्या मागं वेगळा चालणारा कोड) पोचल्यासारखी दिसायली होती, त्याचा छडा लागला एकदाचा!

लातूरच्या अडतीच्या ॲपमध्ये शेतकऱ्याचं नाव शोधलं की कधी पटकन येतंय, कधी मधीच अडकून बसतंय. पहिला संशय इंडेक्सवर (शोध पटकन व्हावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची), म्हणून पॅनेलमधूनच एक्सप्लेन क्वेरी प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते सांगणारा आराखडा) काढला, तर स्वच्छ 'सर्च', 'स्कॅन' (म्हणजे अख्खं टेबल चाळणं) कुठंच नाही, आन क्वेरीचा स्वतःचा वेळ बी किरकोळ. मग बाकीचा वेळ खाल्ला कुणी? पानातून मेसेज सुटल्याची वेळ आन वर्करमध्ये तो उचलल्याची वेळ, दोन्ही परफॉर्मन्स डॉट नाऊनं (ब्राउझरचं मिलिसेकंदाचं घड्याळ) टिपल्या, वजाबाकी केली, उत्तर उणे. ब्राउझर बदलला, तरी उणेच, लई डोकं खाल्लं. भानगड अशी की पान आन वर्कर दोघांचं घड्याळ वेगवेगळ्या शून्यापासून चालतंय, वर्करचं शून्य म्हणजे वर्कर जन्मला तो क्षण. दोन्हीकडं परफॉर्मन्स डॉट टाइमओरिजिन (त्या घड्याळाचं शून्य कधीचं ती वेळ) मिळवलं आन आकडे सुतासारखे सरळ.

आन मग खरा चोर दिसला. एसक्यूलाइट डेटाबेसचं वासम (ब्राउझरात चालणारं रूप) वर्करमध्ये सिंक्रोनस, म्हणजे एका वेळी एकच काम असं, चालतंय, सिंकची (डेटा जुळवून घ्यायची) मोठी ट्रान्झॅक्शन चालू असली की नावाची क्वेरी बाहेर ताटकळत. अडतीवर काटा एकच आन पुढं सोयाबीनचा अख्खा ट्रॅक्टर लागलेला. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये वर्कर कामात आहे एवढं कळतंय, कोणत्या एसक्यूएलमुळं ते नाही, पॅनेल करायलोय ते ह्याच्यासाठीच. आता थांबलेला वेळ केशरी, चाललेला निळा.

शॅडो डॉमचं (पॅनेल ॲपच्या पानापासून वेगळं ठेवणारा कप्पा) बी मिटलं. ॲपचा फॉन्ट आन रंग वारशानं आत झिरपायले होते, होस्टवर (तो कप्पा ज्या घटकात आहे त्याच्यावर) 'ऑल इनिशियल' टाकलं, बास.

एसएएचपूल (एसक्यूलाइटचा डेटाबेस ब्राउझरातच साठवायची एक पद्धत) मात्र सोडणार नाही, कोणी काही म्हणो. स्वस्तातल्या होस्टिंगवर सीओओपी-सीओईपी हेडर (पान बाकीच्या साइटींपासून अलग ठेवायच्या सर्व्हरच्या सूचना) लावू देईनात, सपोर्टवाले नुसतं 'तिकीट रेज केलंय सर', आन एसएएचपूलला ते हेडर लागतच नाहीत. कनेक्शन एकच मिळतं, म्हणून पॅनेल स्वतः डेटाबेस उघडतच नाही, ॲपच्याच वर्करला मेसेजचॅनलवरून (दोघांमधी निरोप धाडायची वाट) विचारतंय.

पुढं इंडेक्स्डडीबीचा (ब्राउझरचा स्वतःचा डेटाबेस) अडॅप्टर, म्हणजे पॅनेलला तो जोडणारा भाग, घ्यायचा होता, पण हे टाइप करता करताच सुचलं, केशरी पट्टीवर क्लिक केलं की पुढं कोणती क्वेरी वाट अडवून होती ती दिसली पाहिजे, तर आधी ते. सिंकच्या ट्रान्झॅक्शनचे तुकडे करून मधी वर्करला श्वास घेऊ द्यायचं बी त्याच्यासोबतच, म्हणजे केशरी पट्टी किती आखडती ते लगेच दिसंल. अडॅप्टर दिवाळीनंतर.