कणकुंबीच्या सड्यावर सावली नाही

"कणकुंबीच्या पुढं सगळं जंगलच, ऊन लागत नाही," असं सांगून एका ट्रेकवाल्यानं आम्हाला एप्रिलअखेरीस पाठवलं. साफ खोटं. जंगल आहे ते ओढ्याच्या काठानं आणि उतारावर. वर सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, झाडं कमरेएवढी. त्यांची सावली बुंध्यापुरती.

बेळगाव-जांबोटी-कणकुंबी बसप्रवास आणि माउलीचं देऊळ सोपं आहे, त्यावर लिहीत नाही. पाणी मात्र गावातच भरा, माणशी चार लिटर. वर थेंब मिळाला नाही.

सड्यावर जांभा दगड उघडा पडलाय, माती वीतभरही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं गुदमरतात आणि दिवाळीनंतर तीच माती कोरडीठाक. याच खानापूर तालुक्यात आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरवर पाऊस नोंदला गेला. इथं एप्रिलात झाड तहानलेलं बघून तो आकडा पटत नाही. दगडाच्या भेगेत रुजलेलं अंजनीचं एक झुडूप जवळ बसून पाहिलं. खोड मनगटाएवढं, उंची मांडीपर्यंत, वाऱ्याकडच्या फांद्या वठलेल्या. आडोशाच्या बाजूला निळीजांभळी फुलं होती, पण कोवळी पानं कडेनं करपलेली.

हवा तापली की झाडं जोमानं वाढतात, असं हल्ली बरेचजण सांगतात. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ते खरंही आहे. तिथं डोंगरावर झाडी जिथं संपते, त्या हद्दीवरच्या ब्रिसलकोन पाइनची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली खोडातली वाढीची वलयं ३७०० वर्षांत सर्वांत रुंद निघाली. पण त्या झाडांना थंडी अडवत होती. आमच्या झाडांना पाणी अडवतं. तापलेली कोरडी हवा पानांतलं पाणी ओढते, झाड पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइडही आत जात नाही आणि वाढ खुंटते. जादा पाऊस पडला म्हणूनही भागत नाही. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. असा पाऊस सड्यावर झाला तर जांभ्यावरून सरळ दरीत जातो, उरलीसुरली माती घेऊन. मे महिन्यासाठी झाडाच्या वाट्याला काय राहणार?

मार्च ते मे इथं येऊच नका. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. यायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत सडा पार करा. अकरानंतर दगडावर हात टेकवत नाही. चढताना अंजनी-जांभळीला धरून लोंबकळू नका, मुळं भेगेतून सुटतात. वाळकी दिसली म्हणून फांदी चुलीला मोडू नका, पावसात तिला पालवी फुटू शकते. एवढंसं खोड व्हायला किती उन्हाळे लागले असतील! भीमगड अभयारण्याच्या बाजूला जायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढा.

परतीला बस आलीच नाही आणि वडापवाल्यानं (खासगी प्रवासी गाडीवाल्यानं) जांबोटीपर्यंत माणशी तीनशे घेतले. ही लूट आहे. गावातल्या दुकानात रोजचा दर विचारून, भाडं ठरवूनच गाडीत बसा.