दारापुढचा वाफा

पेव्हर ब्लॉक उचकटताना सगळ्यांत जास्त रडवतो तो पहिला. चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी आवळून धरलेला, पहारीचं टोक शिरेल एवढीही फट नाही. तो एकदा निघाला की बाकीचे नुसत्या हातानेही निघतात. पुण्यातल्या आमच्या रो हाउसची कुंपणभिंत आणि गाडी लावायची जागा यांच्या मधल्या 12 फूट लांब, 3 फूट रुंद पट्टीतले ब्लॉक काढायचे आणि तिथे फुलझाडं लावायची, एवढाच बेत होता. मिस्त्री लावायचा नाही, हेही ठरलेलं. घरात कारण सांगितलं होतं खर्चाचं. खरं म्हणजे मला पहार चालवायची हौस होती.

ब्लॉकखाली कच, कचेखाली मुरूम आणि मुरमाखाली राडारोडा. टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या गोणीच्या चिंध्या, वायरची भेंडोळी, गुटख्याच्या पुड्या. बांधणाऱ्यांना जे जे नको होतं ते सगळं आमच्याच जागेत पुरून वर फरशी केली होती. असल्या भरावात झाड तग धरत नाही. निदान फूटभर तरी उपसून माती घालावी लागते. म्हणजे 36 घनफूट. आता माती विकणारे बोलतात ब्रासमध्ये, आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट. ‘‘एक तृतीयांश ब्रास पोयटा पाठवा,’’ असं म्हटल्यावर पलीकडचा माणूस इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कटला. शेवटी अर्धा ब्रास आली. उरलेली माती गल्लीतल्या कुंड्यांत गेली आणि काढलेले ब्लॉकही असेच पांगले: काही इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली, काही कोणाच्या पाण्याच्या पिंपाखाली.

हेच काम परसात केलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. घराच्या पुढे खणायला लागलं की रस्त्यावरच्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. ‘‘मिस्त्री मिळाला नाही का?’’ हा पहिला प्रश्न. दुसऱ्याची वाटच बघायला नको, कारण पुढे सगळे सल्लेच असतात, आणि तेही काय लावू नये याचे. निवडुंग दारात नको. कढीपत्ता दारात नको. लिंबू चालेल, पण काटे घराकडे नकोत (लिंबाला हे कोण सांगणार?). समोरचे काका तेवढे वेगळे. ते बघून गेले आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन परत आले. गवंड्यांची ही लेव्हल ट्यूब मला फार आवडते. दोन टोकं दोघांनी धरायची, नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं आणि वाद संपतो. आमचा वाद असा संपला की बिल्डरने अंगणाला ढाळ दिलाय तो चक्क घराकडे. दर पावसाळ्यात उंबऱ्याशी तळं का साचायचं, ते तेव्हा उमगलं.

मग वाफा नुसता फुलांसाठी राहिला नाही. तो फरशीपेक्षा चार बोटं खाली ठेवला आणि घराच्या बाजूने एक उथळ चर काढून त्याला जोडला. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटर धरला तरी एवढ्याशा पट्टीवर नुसतं आभाळातून दोन हजार लिटरच्या वर पडतं. फरशीवरून वाहून येणारं वेगळं. ते सगळं आता मातीत जिरतं.

कडेला तिरप्या विटा रोवल्या आणि एकाआड एक गेरू आणि चुना फासला. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे, एसटी स्टँडात, पोलीस चौकीसमोर बघतो तशाच. मुलीला ते अगदीच सरकारी वाटलं. मला तो रंग बघितला की झेंडावंदनाची सकाळ आठवते, त्यामुळे मी बधलो नाही. हिरवळीच्या बाबतीतही नाही. एप्रिलमध्ये टँकर मागवायचा आणि गवताला पाजायचा, हा शौक आपल्याला परवडणारा नाही. आणि प्लॅस्टिकच्या हिरवळीवर तर दुपारी पाय ठेवून बघावा.

मृग लागल्यावर लागवड केली. दोन जास्वंदी, तगर, खाली अबोली, जाळीवर गोकर्ण. गोकर्ण शेंगवर्गातलं, मुळांवरच्या गाठींमधून स्वतःचं नत्र स्वतः मिळवतं, त्यामुळे त्याची खताची कटकट कमी.

जास्वंद बहरली आणि पहाटेची मंडळी यायला लागली. हातात पिशवी, आकडीची काठी. काही जण तर आदल्या संध्याकाळीच टपोऱ्या कळ्या नेतात; त्या सकाळी त्यांच्या देवघरात उमलतात. पहिल्यांदा मी चिडलो होतो. मग कोपऱ्यावरच्या आजींशी तह झाला: भिंतीबाहेरची फुलं त्यांची, आतली आमची. तह झाल्याबरोबर त्यांनी भिंतीवरून आत डोकावून पाहिलं. मी वाफ्यातून हराळी उपटून ढीग घातला होता.

‘‘अरे, दूर्वा कसल्या टाकतोयस? परवा संकष्टी आहे.’’

त्यांच्या हुकमावरून एका कोपऱ्यात हराळी राखली आहे. पसरू नये म्हणून भोवती विटांचं वेगळं कुंपण घातलं. ते तिने मुळीच मानलेलं नाही. विटांखालून ती केव्हाच अबोलीपर्यंत पोचली आहे, आणि आजी म्हणतात, राहू दे, गणपतीत 21 जुड्या लागतील.