एका रुपयाचा फरक

नागपूरच्या इतवारीतल्या एका पतसंस्थेत मी १४ वर्षं हिशेब लिहिले. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, मग फरक एका रुपयाचा का असेना. मी हा नियम मनापासून पाळला. आता ३९व्या वर्षी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे, थेट बी.कॉम.वरून. वर्गातल्या बहुतेक मुली बी.ए.ला हाच विषय शिकून आल्यात. पहिला महिनाभर प्रयोज्य (ज्याच्यावर प्रयोग करतात तो), अवधान (लक्ष), प्रबलन (कृती पक्की करणारी गोष्ट) असे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायचे आणि सीताबर्डीला मेट्रोत बसले की पाठ करायचे. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे, हे डोक्यात शिरायला तीन दिवस गेले. त्रास थांबतो म्हणून एखादी कृती पक्की होत जाते, ते ऋण प्रबलन. मे महिन्यात घरात पाऊल टाकताच हात कूलरच्या बटणाकडे जातो, तसं.

संख्याशास्त्र हा तरी आपला पेपर, असं वाटलं होतं. मध्यमान (म्हणजे सरासरी), वर्ग, वर्गमूळ, सगळं झरझर जमायचं. एक दिवस मॅडमनी विचारलं, "प्रमाण विचलन काढलंत, छान. पण ते काय सांगतंय?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्यासाठी फरक म्हणजे चूक. ती शोधायची, मिटवायची आणि खाली सही करायची. इथे तर फरकच मोजून जपतात; आकडे मध्यमानापासून साधारण किती लांब पसरलेत, ते म्हणजे प्रमाण विचलन. घंटेच्या आकाराच्या त्या वक्रात मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना एकेका प्रमाण विचलनाच्या आत साधारण ६८ टक्के माणसं येतात. उरलेली चुकलेली नसतात, तीही त्याच वक्रात असतात.

मग मानसशास्त्राच्या इतिहासाच्या तासाला किनब्रुक भेटला. इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत तो मास्केलाइन या राजखगोलशास्त्रज्ञाचा मदतनीस होता. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून आकाशातला तारा कधी सरकला, त्याची वेळ घड्याळाच्या ठोक्यावर नोंदवायची, हे त्याचं काम. त्याच्या नोंदी साहेबांच्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशाने मागे पडू लागल्या. समज देऊनही फरक जाईना, तेव्हा १७९६मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ती हकिकत वाचली, वेगवेगळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि असा फरक निष्णात लोकांतही असतो हे दाखवलं. प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजण्याचं काम एकोणिसाव्या शतकात वाढत गेलं, आणि १८७९मध्ये जर्मनीत लाइपझिगला वुंट या मानसशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा उभी राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे कॅशला एक मुलगा होता. नोटा हळू मोजायचा, पण चुकायचा नाही. तरी रोज सगळ्यांसमोर मी त्याला बोलायचे. त्याचा वेग हा त्याचा वेग होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

प्रॅक्टिकलला मिरर ड्रॉइंग आहे. सरावासाठी मी घरीच मांडणी केली. दुहेरी रेषांचा तारा, समोर आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. प्रयोज्य माझी आई. वय ६८, रोज अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी. आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, रेषेला लागली की एक चूक. पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल अडली. "हात उल्टाच जाऊन राह्यला बाप्पा!" ती कळवळून म्हणाली. मनगट थरथरत होतं, ओठ घट्ट मिटलेले. मला तिचा हात धरून वळवावासा वाटत होता. पण प्रयोग करणाऱ्याने मदत करायची नसते. मी स्टॉपवॉच धरून बसले आणि दिसलं तेवढंच लिहिलं.

डाव्या हाताने एकदा: ४ मिनिटं १२ सेकंद, ५७ चुका. मग उजव्या हाताने दहा वेळा. दहाव्या वेळी ५८ सेकंद, ९ चुका. नंतर पुन्हा डावा हात: १ मिनिट ५० सेकंद, २१ चुका. मधल्या वेळात डाव्या हाताने काहीच केलं नव्हतं, तरी तो सुधारला. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हातात उतरतं! आईने आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला.

(नात्यातल्या दोघी-तिघी आत्ताच "आमच्या पोराशी जरा बोल" म्हणतात. त्यांना मी नाही म्हणते. नुसत्या एम.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही, त्यासाठी पुढचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.)

दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी वही नीट वाचली आणि म्हणाल्या, "डावा हात उजव्याच्या सरावाने सुधारला, की तोच तारा दुसऱ्यांदा काढल्यामुळे? तुलना कुणाशी केलीत?"

उद्या दुपारी शेजारच्या काकू येणार आहेत. त्यांनी डाव्या हाताने तारा एकदा काढायचा, मग आईच्या दहा फेऱ्यांना लागला तेवढा वेळ नुसतं बसायचं, आणि पुन्हा डाव्या हाताने काढायचा. एका काकूंनी भागणार नाही, हे मला माहीत आहे. गल्लीतल्या आणखी नऊ जणींना विचारून ठेवलंय.