ढगाआडचा सूर्य

आजचा शाळेतला प्रयोग डोक्यातून जातच नाहीये.

आमच्या दारव्ह्याकडे दोन दिवसांपासून आभाळ नुसतं भरून येतंय. एका पालकांनी दिलेल्या टीव्हीच्या जुन्या छत्रीला सॅट फाइंडर (सिग्नल किती जोरात येतोय ते काट्याने आणि आवाजाने दाखवणारं छोटं यंत्र) जोडला आणि सातवीच्या पोरांना घेऊन मैदानात गेले. मोकळ्या आभाळाकडे तोंड केलं की काटा खाली. हळूहळू सूर्याकडे वळवली की काटा चढायचा, पिपाणीसारखा आवाज चढत जायचा. तेवढ्यात ढग आला. आवाज तसाच!

"मॅडम, सूर्य तं झाकला, मंग हे काहून वाजून राह्यलं?"

एका पोरीने विचारलं. याच प्रश्नासाठी तर सगळा खटाटोप होता. सूर्याकडून उजेडासोबत रेडिओ लहरीही येतात, छत्री त्याच पकडते, आणि त्यांना ढग फारसे अडवत नाहीत. १९६५ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने कल्याणजवळ ३२ लहान डिश लावून सूर्यच अभ्यासला, हे सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश नंतरच्या. सूर्याचा दिसतो तो पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश, आणि त्याभोवतीचा प्रभामंडल दहा लाखांच्या वर! पोरं गप्पच झाली.

मग आर्द्रेचा विषय निघाला. ज्या नक्षत्राच्या पावसाची गावभर वाट पाहतात, तिथला तो तांबूस तारा फुगून म्हातारा झालाय. चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीने त्याचं चित्रही टिपलंय. आपला सूर्यही सुमारे ५०० कोटी वर्षांनी असाच फुगून तांबडा होईल, आकाराने मात्र त्याहून लहान.

निघताना तीच पोरगी म्हणाली, "चंद्राकडे लावून पाहू का?" पौर्णिमेला छत्री पुन्हा बाहेर काढतोय.