हिडकलच्या पाण्यात सेल्फनं दगा दिला : पावसाळ्याआधीची एक फेरी

निपाणीहून पहाटे साडेपाचला निघालो. ट्रेलरवर बोट, पिकअपमध्ये तिचं २५ एचपीचं मशीन म्हणजे इंजिन, बॅटरी, दोन डबे पेट्रोल आणि मी, मावसभाऊ, त्याचा मुलगा. संकेश्वर ओलांडून हत्तरगीला चहा घेतला आणि महामार्ग सोडून हिडकल धरणाकडं वळलो.

दर मे महिन्यात बोट पाण्यात उतरवून बघायची, हे आमचं २०१९ पासून ठरलंय. त्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही एकदम फुगल्या. २०२१ च्या जुलैत तर यमगर्णीजवळ महामार्गावरच वेदगंगेचं पाणी आलं. पुरात माणसं माळ्यावर बसून वाट बघत असतात, आणि काठावर मशीन चालू होत नाही म्हणून बोट नुसती उभी असते. ते एकदा बघितलेला माणूस जूनपर्यंत थांबत नाही.

पाण्यात उतरण्याआधी धरणाच्या कार्यालयातून परवानगी घ्या. ५१ टीएमसीचं हे धरण बेळगावला पिण्याचं पाणीही देतं, त्यामुळं पेट्रोल पाण्यात बोटीवर भरू नका. टाकी काठावरच भरा, खाली जुनं पोतं अंथरून.

मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं. पाण्यात गेलेलं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ तेव्हा वर येतं. आम्ही त्याच दिशेनं गेलो, मशीन बंद केलं, हात जोडले. पाच मिनिटांनी चावी फिरवली, तर नुसतं ‘टक’. परत ‘टक’. दिवा मिणमिणला आणि विझला.

मावसभाऊ लगेच कव्हर काढायला लागला. तेवढ्यात शेजारून जाळं ओढणारे एक मामा ओरडले, “आधी नांगर टाका की हो! मशीन कुठं पळून जातंय?” त्यांचं बरोबर होतं. वाऱ्यानं आम्ही झाडांच्या बुडक्यांकडं सरकत होतो. बोट बंद पडली की पहिलं काम नांगराचं.

दोरी ओढून मशीन चालू करून परतता आलं असतं. पण बॅटरीचं कनेक्शन ढिलं असताना तसं चालवणं मला पटत नाही. चालत्या मशीनपासून बॅटरीची जोडणी सुटली तर रेक्टिफायर (मशीनच्या विजेनं बॅटरी चार्ज करणारा भाग) जळतो, हे दर्यावरची माणसं नेहमी सांगतात. शिवाय दोष शोधायलाच तर आलो होतो.

आधी फुकटातल्या तपासण्या. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? गिअरमध्ये असला तर सेल्फ लागतच नाही. मुख्य फ्यूज काढून उजेडात बघितला, शाबूत होता. लाल दोरीची क्लिप (ती निघाली की मशीन बंद पडतं) मी मुद्दाम काढून ठेवली, म्हणजे तपासताना मशीन अचानक सुरू व्हायला नको. उलट मशीन नुसतं फिरतंय पण पेटत नाही, असं झालं तर सगळ्यात आधी हीच क्लिप बघा. तरीही प्लगला ठिणगी नसेल तर बंद करणाऱ्या स्विचची वायर सीडीआयपासून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यापासून, सोडवून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचच्या वायरिंगमध्ये, महागड्या डब्यात नाही. मात्र मग मशीन चावीनं बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल.

आमच्या ‘टक’चं उत्तर मल्टीमीटरनं दिलं. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर सुया टेकवल्या, १२.६ व्होल्ट. पोराला चावी फिरवायला लावली, तर १२.४. इथंच थांबून विचार करायचा. बॅटरी मेलेली असती तर चावी फिरवताच आकडा ९ च्या खाली कोसळला असता. आकडा फारसा हललाच नाही, म्हणजे बॅटरीकडून पुरेसा करंट निघतच नव्हता, वाटेत कुणीतरी अडवत होतं.

मग एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी मशीनच्या उघड्या धातूवर. चावी फिरवली आणि मीटरनं ६ दाखवले! चांगल्या अर्थिंगला इथं अर्धा व्होल्टही दिसू नये. प्लसची केबलही अशीच तपासली, ती ठीक होती. करंट वाहत असतानाच हे दिसतं. नुसती केबल मीटरवर ‘बीप’ वाजवून बघितली असती तर ती पास झाली असती, कारण बीपपुरती एक तारही पुरते.

मायनसच्या केबलचं थिंबल (टोकाची धातूची कडी) वरून चकचकीत. बोटांनी वाकवलं तर आत कुरकुरल्यासारखं लागलं. मायनस आधी सोडला, मग ब्लेडनं रबर कापलं. आत तांबं नव्हतंच, काळी भुकटी आणि थिंबलच्या तोंडाशी मोरचुदासारखा हिरवा थर. हे मशीन आम्ही मालवणकडून जुनं घेतलं होतं. गोड्या पाण्यात आल्यावर ते सुरक्षित, असं मी समजून होतो. पण खारं पाणी केबलच्या तोंडातून आत शिरलं, की तारांच्या मधून वर चढत जातं. किनाऱ्यावरून जुनं मशीन आणणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही मोठ्या केबल बदलाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंचइंच कापत गेलो. वीतभर गेल्यावर लालसर तांबं लागलं. केबल तोकडी झाली, म्हणून बॅटरीचा डबा मागं सरकवला. तार पॉलिश पेपरनं घासून बोल्टखाली गोल गुंडाळली, वायशर घालून आवळली. पेट्रोलचा वास जाईपर्यंत कव्हर उघडंच ठेवलं, मायनस सगळ्यात शेवटी जोडला. लाल दोरीची क्लिप परत लावून चावी फिरवली. पहिल्याच दणक्यात चालू! चालत्या मशीनवर बॅटरीला १३.९ मिळत होते, म्हणजे चार्जिंगही बरं होतं. मामांनी लांबून हात केला.

परतताना संकेश्वरला ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्याकडं थांबलो. आपल्या भागात बोटीचा मिस्त्री नाही, पण ही माणसं केबलला पक्की ओळखतात. त्याला फक्त एवढं सांगा : थिंबल नुसतं डाग देऊन नको, दाबून बसव आणि वरून गोंदवाली नळी तापवून चढव. कथील चढवलेली तार मिळाली तर उत्तम. आम्हाला मिळाली नाही, म्हणून साध्या तांब्याची जाड केबल घेतली आणि गोव्याला जाणाऱ्या पाहुण्याला कथिलाची आणायला सांगितलंय.

बॅटरीवर पंखवाले नट असतील तर तेही काढा, बोटीच्या हादऱ्यानं ते सुटतात. आतून नायलॉन असलेले नट लावा, पाना बोटीतच बांधून ठेवा. आणि घरी अंगणात मशीन तपासायचं तर पाण्याच्या पिंपात बुडवूनच चालवा. कोरडं चालवलं तर काही सेकंदांत पाण्याच्या पंपाचं रबर जातं.

आमच्या बोटीत आता हे कायम आहे : मीटर, ब्लेड, पॉलिश पेपर, दोन फ्यूज, लाल दोरीची जादा क्लिप, दोन थिंबलं आणि हातभर जाड केबल. सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात, नांगराच्या दोराशेजारी.