होय, मला ‘ए.आय.’चा शेवट आवडतो
डोक्याला खाद्य देणारा सिनेमा सुचव, असं कुणी म्हटलं की माझी तीन नावं ठरलेली असतात. पहिल्या दोनांवर माना डोलतात, तिसऱ्यावर भांडण होतं. (तिन्हींचे शेवट खाली फोडलेत, आधीच सांगते.)

पहिला जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). पोटाचा कॅन्सर झालेला सरकारी बाबू मरायच्या आधी मुलांसाठी बाग करून जातो. इथे संपला असता तर छान रडून घेतलं असतं. पण बाबू गेल्यावरही जवळजवळ एक तृतीयांश सिनेमा उरतो! सहकारी त्याच्या फोटोसमोर दारू पीत श्रेयाचा काथ्याकूट करतात, उद्यापासून आपणही असंच काम करायचं म्हणून शपथा घेतात. मग ऑफिसात पुन्हा तेच, अर्ज या खात्यातून त्या खात्यात.

दुसरा चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४). सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात, पडदा काळा. संपला वाटतं, आणि न्यायाधीशसाहेब सहलीला निघालेले दिसतात. बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून उठवतात, साहेब एकाला थप्पड देतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

आता तिसरा. स्पीलबर्गचा ‘ए.आय.’ (२००१). आईवर प्रेम करण्यासाठी बनवलेला यंत्र-मुलगा डेव्हिड समुद्राच्या तळाशी निळ्या परीच्या पुतळ्याकडे ‘मला खरा मुलगा कर’ म्हणत बसतो. तिथेच थांबायला हवं होतं, पुढची दोन हजार वर्षं म्हणजे स्पीलबर्गने ओतलेला पाक, असं भले भले म्हणतात. मुळात हा प्रकल्प दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा, आणि शेवटाचा आराखडाही त्याचाच होता हे स्पीलबर्गने सांगितलंय. शिवाय दोन हजार वर्षांनी डेव्हिडला शोधून काढणारे ते लांबुडके जीव परग्रहावरचे नाहीत हो, पुढे उत्क्रांत झालेली यंत्रंच आहेत. पण हे मुद्दे बाजूला ठेवा.

त्या शेवटात होतं काय ते बघा. डेव्हिडच्या खेळण्यातल्या अस्वलाने, टेडीने, जपलेल्या केसांच्या बटेवरून ते जीव त्याच्या आईला, मोनिकाला, पुन्हा घडवतात, एकाच दिवसासाठी. रात्री झोपली की संपली. आणि या मोनिकाला ना नवरा आठवतो, ना पोटचा मुलगा, ना कसलं दुःख. उरतो फक्त डेव्हिड. आधी पोटच्या मुलाच्या आजारपणाच्या दुःखावर फुंकर म्हणून डेव्हिड तिच्या घरी आणला गेला, आता डेव्हिडसाठी ती घडवली जाते. त्याच्यावर जे लादलं गेलं तेच तो तिच्यावर लादतो, आणि त्याला ते कळतही नाही. कारण एवढंच करायला तो बनवलेला आहे. सुरुवातीला एक बाई शास्त्रज्ञाला विचारते की यंत्राने माणसावर खरंच प्रेम केलं तर त्या माणसाची जबाबदारी काय? शेवटी तो प्रश्न उलटा होऊन येतो. यात पाक कुठे दिसला लोकांना?

मधल्या झगमगत्या शहराचा भाग लांबलाय, निवेदकाचा आवाज नको तितका मऊ आहे, हे कबूल. म्हणूनच भांडायला येणाऱ्याला मी सांगते, शेवटचा तो दिवस आवाज बंद करून बघ. डेव्हिडकडे नको, मोनिकाकडे. जागी झाल्यावर ती कशी गोंधळलेली आहे, आणि तरी नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल काही विचारायचं तिला कसं सुचत नाही, ते बघ. मग ये भांडायला.